पंचाचा हात वर असताना

१:३१

पंचाचा हात वर गेला आणि मला कळलं, मी परत तेच केलंय.

निळ्या रेघेच्या आत मी एकटी होते. पक माझ्या मागून आला, डाव्या बुटाशेजारून सुळकन पुढे गेला आणि टोकाच्या फळीवर आपटला. समोर हिमाचलच्या कॉलेजची बचावपटू होती. पिवळं हेल्मेट, माझ्याहून हातभर उंच. तिनं पंचाच्या हाताकडे पाहिलं, कंबर सरळ केली, स्टिक मांड्यांवर आडवी धरली आणि ती उभी राहिली. वाट बघत.

शिटीची.

सामना संपायला एक मिनिट एकतीस सेकंद होते. त्यांचे तीन, आमचे शून्य.

रेघ

आधी रेघ सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी पक असतो, रबरी चकती, आणि मैदानाला दोन निळ्या रेघा असतात. समोरच्यांच्या बाजूच्या रेघेपलीकडे आधी पक जायचा, मग आपण. आपण आधी गेलो तर ऑफसाइड. चाकांच्या स्केटवरची जी हॉकी असते, तिच्यात ही रेघच नाही. वाटेल तेव्हा आत घुसा. आणि आम्ही सगळ्या चाकांवर वाढलेल्या. कोल्हापुरात रंकाळ्याच्या मागच्या अंगाला एका क्लबचा सिमेंटचा रिंक होता, त्यावर रोज सकाळी सहाला. गावात बर्फ बघायचा तर रसवंतीत नाहीतर मासळीवाल्यांकडे. वर्षातून दहा दिवस, जानेवारीत, लडाखमधल्या एका गोठलेल्या तलावावर कॉलेजांची स्पर्धा व्हायची. तेवढेच दहा दिवस आमच्या पायाखाली खरा बर्फ.

तिथं आणखी एक गोष्ट कळायची. आम्हाला थांबता येत नाही. चाकांवर थांबायचं म्हणजे गोल वळायचं. बर्फावर आडवे पाय घासून जागच्या जागी थांबतात. आम्ही तिथंही गोलच वळायचो, आणि वळणाला जागा कमी पडली की कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसायचो. लडाखी मुली बघायला यायच्या ते त्याच्यासाठी.

ते तिसरं वर्ष होतं. आधीचे सात सामने. आमच्यावर एक्काहत्तर गोल झाले होते.

आमचा एकही नाही.

१:३०

फळी ओबडधोबड लाकडाची होती. पक तिच्यावरून उलटा फिरला आणि सरळ माझ्याकडे आला. दोन हातांवर येऊन थांबला. पिवळ्या हेल्मेटनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची गोलकीपर गुडघ्यावरून उठून पाण्याची बाटली शोधत होती.

स्टिक नुसती लांब केली असती तरी पोचली असती.

मंगळवार

तीन दिवस आधी, स्पर्धेतल्या आमच्या पहिल्या सामन्यात, रुबिना मुजावरनं गोल मारला होता. पक जाळीत गेलेला सगळ्यांनी पाहिला. आम्ही ओरडलो, गोलकीपर शुभदा कागवाडे तिकडच्या टोकावरून निघाली ती थांबता न आल्यानं आमच्याच बाकावर येऊन आदळली. मग पंचानं दोन्ही हात आडवे फिरवले. गोल नाही. रुबिना पक घेऊन येण्याआधी कुणीतरी रेघेच्या आत गेलं होतं.

कुणीतरी म्हणजे मी.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरात बुखारीच्या शेगडीभोवती बसलो होतो. रुबिना कोल्हापूरच्या पद्धतीनं स्वतःबद्दल मुलग्यासारखी बोलायची.

"मी काय मेलो होतो मागं?" ती म्हणाली. "येतच होतो की पक घेऊन. तुला कसली घाई एवढी? आत काय रस्सा वाटत होते?"

"रेघ दिसली नाही गं."

"पांढऱ्यावर निळी आहे. आंधळ्याला दिसंल. टिपुगड्यांच्यात सगळेच असे काय?"

"रुबे, पुरे," मेघना म्हणाली. मेघना सासने आमची कप्तान. तिचं बोलणं तेवढंच असायचं.

"काय पुरे? तीन वर्षांत टीमचा एक गोल, तोही मी मारलो. तो हिनं खाल्ला."

मी मेघनाला म्हणाले, "पुढच्या सामन्यात मला बसव."

"तुला बसवून कुणाला उतरवू? एक तापानं पडलीय, एकीचा अंगठा सुजलाय. तूच आहेस."

हुक्केरी सर कोपऱ्यात मोजे वाळवत होते. आमचे प्रशिक्षक. बर्फाची हॉकी त्यांनी संगणकावर बघून शिकलेली. स्वतः बर्फावर उतरले की कुणाचा तरी दंड धरून ठेवायचे. ते उठून आले आणि बिस्किटं मांडायला लागले.

"टिपुगडे, इकडं बघ. ही रेघ. हा पक बाहेरनं आत मारला, आणि तू आधीच आत. पंच काय करतो?"

"शिटी मारतो."

"नाही. आधी हात वर करतो. आणि थांबतो. तू पकला शिवलीस की शिटी. पण तू शिवली नाहीस, उलटी आलीस, बूट रेघेला लावलास, तर हात खाली. खेळ चालू. मग बाहेर थांबलेली कुणीही आत जाऊ शकते."

"पक समोर असताना शिवायचं नाही?" रुबिनानं विचारलं.

"नाही."

"मग खेळायचं कशाला?" असं म्हणून तिनं पकचं बिस्कीट खाऊन टाकलं.

पुढच्या दोन सामन्यांत सर बाकावरून ओरडत राहिले, "परत, परत." पण पक दिसला की हात आपोआप जायचा. एकट्या माझा नाही, सगळ्यांचा. स्पर्धेभर आम्ही सव्वीस वेळा ऑफसाइड झालो. बाकीच्या टीमना आमचं हे ठाऊक झालं. नारिंगी जर्सीवाल्यांवर हात वर गेला की पाठोपाठ शिटी येतेच. दम खायला बरं असतं. स्टिक मांड्यांवर आडवी धरायची आणि उभं राहायचं.

१:२९

मी वळले.

ठरवून वळले असं आता म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर आधी पाय वळले आणि मग मी. पक डाव्या हाताला राहिला. मी उजवीकडून वळसा घेतला, रिंकवर घ्यायचे तसा, मोठा.

पाठ फिरली की पक जास्तच जवळ वाटतो.

पत्र

या शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी नाश्त्याला सरांनी खिशातून चौकोनी घडी काढली. घडीच्या रेघा काळ्या पडल्या होत्या.

"हे सप्टेंबरात आलंय," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला उगाच कशाला."

मग त्यांनी वाचलं. कॉलेजच्या क्रीडा समितीचं पत्र होतं. चालू हंगामात सदर संघाने किमान एक गोल न नोंदविल्यास सदर संघ विसर्जित करण्यात येईल व सर्व साहित्य क्रीडा विभागाकडे जमा करावे.

"किमान एक," शुभदा म्हणाली. "म्हणजे जिंका असंही म्हणत नाहीत. इज्जतच नाही राहिली."

मेघनाचं शेवटचं वर्ष होतं, माझंही. आम्हा दोघींचं खेळून झालं होतं. पण रुबिना दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या मागं पाच जणी अशा होत्या, ज्यांनी घरी भांडून स्केट घेतले होते. एकीनं वडिलांना सांगितलं होतं की बर्फावरची हॉकी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे.

रुबिना बराच वेळ चहा ढवळत बसली. साखर कधीच विरघळली होती.

"सर," ती म्हणाली, "तो मंगळवारचा गोल..."

सरांनी मान हलवली. "कागदावर नाही."

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघायला हवं होतं. त्यापेक्षा ते बरं झालं असतं.

बाहेर पडताना रुबिना माझ्या शेजारी चालायला लागली. उणे सोळा होतं, बोललं की तोंडातून वाफ. दहा पावलं चालून ती म्हणाली, "आज आत गेलीस तर गेलीस. पण शिवू नको. मी बाहेर थांबतो."

"तू थांबशील?"

"आयुष्यात थांबलो नाही कधी. बघू."

१:२८

अर्धा वळसा पूर्ण झाला. आता रेघ माझ्या समोर होती. कापडाची पट्टी पाण्याखाली गोठवून केलेली, तीन दिवस स्केटनी घासून जागोजागी फाटलेली. पलीकडे रुबिना. दोन्ही पाय रेघेबाहेर, अंग पुढे, दात आवळलेले. तिच्या मागं पक आत मारणारी मेघना. दोघी माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या मागच्या पककडे बघत होत्या.

तेवढ्यात माझ्या पुढच्या पात्याला बर्फातली खाच लागली.

मी पोटावर पडले आणि तशीच घसरत गेले.

१:२७

थांबले तेव्हा हेल्मेट रेघेबाहेर होतं. हात, छाती, पोट, सगळं बाहेर. पट्टी कुठेतरी गुडघ्यांखाली. बूट आत.

पंच माझ्या डाव्या बाजूला उभे होते. नामग्याल नावाचे, पन्नाशीचे, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांचा हात अजून वर. ते खाली वाकले. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होते. तेव्हा कळलं की अंग कितीही बाहेर असलं तरी त्याला किंमत नाही. बूट हवा.

कोपर रोवलं. ओढलं. दुसरं कोपर. ओढलं. घोरपडीसारखं. छातीखालचा बर्फ जर्सीतून आत आला. उजवा बूट वाटेत कशाला तरी अडकला होता, माझ्याच स्टिकला. स्टिक सोडून दिली. डावा पाय ओढून घेतला, चवडा खाली टेकवला.

लागला का, हे पडलेल्या माणसाला दिसत नाही.

१:२६

हात खाली आला.

इथवरचे सेकंद मी मनानं लावलेले नाहीत. बाकावरची अंगठा सुजलेली मुलगी सरांच्या मोबाइलवर चित्रण करत होती. ते मी नंतर शंभरदा पाहिलंय. पंचाचा हात उतरतो, रुबिनाच्या नारिंगी जर्सीचं टोक चौकटीत शिरतं आणि पडदा काळा होतो. थंडीनं बॅटरी गेली.

१:२४

हा आकडा नोंद-तक्त्यावरचा आहे.

गोल मी पाहिला नाही. माझं तोंड दुसरीकडे होतं. मी ऐकला. आधी कर्र्र, रुबिनाची पाती, माझ्या डोक्याजवळून. मग हिमाचलच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "खेलो, खेलो, सीटी नहीं बजी." मग एक टणक आवाज, पकचा. मग काहीच नाही.

मला दिसत होती ती शुभदा. रिंकच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या जाळीसमोर, एवढीशी. तिच्या पॅडवर एक्काहत्तर आणि तीन गोलांचे काळे डाग. ती गुडघ्यांवर बसली होती. तिनं स्टिक हळूच खाली ठेवली. हेल्मेट काढलं. मग दोन्ही हात डोक्यावर ठेवले, एखाद्याच्या घरी एकाएकी पाहुणे आल्यावर बायका ठेवतात तसे.

त्यावरून मला कळलं.

नंतर माझ्या पाठीवर कुणीतरी पडलं. मग आणखी कुणीतरी. "उठा गं, मरंल ती," मेघना म्हणत होती आणि स्वतः वर पडत होती. सगळ्यांच्या खाली दबलेली असताना कानाशी रुबिनाचा आवाज आला.

"थांबलो होतो. बघितलीस का? थांबलो होतो मी."

सामना आम्ही तीन-एक हरलो. शिटी झाल्यावर आम्ही नाचायला लागलो, आणि जिंकलेल्या मुली आमच्याकडे बघत हात मिळवायला रांगेत उभ्या राहिल्या. पिवळं हेल्मेट माझ्यासमोर आलं. "तुम लोग जीते क्या?" तिनं विचारलं. टिंगल नव्हती, तिला खरंच शंका आली होती.

"हो," मी मराठीतच म्हणाले.

टेबल

नोंद-तक्ता एका घडीच्या टेबलावर होता. लिहिणारे गृहस्थ हातमोजे घालूनच लिहीत होते. बर्फाच्या हॉकीत एका गोलापुढे तीन रकाने असतात: गोल करणारी एक, आणि तिच्या आधी पक पुढे देणाऱ्या दोघी.

गोल: ७, मुजावर.
साहाय्य: ४, सासने.
साहाय्य:

रुबिना टेबलावर वाकली. तिची हिंदी आमच्या गल्लीतली.

"इसका नाम डालो की. ग्यारा नंबर. टिपुगडे."

"इसने पक को छुआ?"

"नहीं छुआ."

"तो कैसे डालूँ?"

"अरे वही तो बोल रहा हूँ भाईसाब. नहीं छुआ, इसीलिए तो हुआ गोल."

त्या गृहस्थांनी पेन उचललं आणि नामग्यालसरांकडे पाहिलं. नामग्यालसर स्केटच्या नाड्या सोडत होते. ते वर न बघता म्हणाले, "ये लिखने की जगह नहीं है इसमें." मग दुसऱ्या बुटाची नाडी ओढत म्हणाले, "होनी चाहिए."

गृहस्थांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. हुक्केरी सर तक्त्याची प्रत घेऊन दहा मिनिटं नुसते उभे राहिले. कुणाचाही दंड न धरता, बर्फावर.

फलक

टीम विसर्जित झाली नाही. स्नेहसंमेलनात रुबिनाला आणि मेघनाला ब्लेझर मिळाले. कागदावर गोल किंवा साहाय्य असेल त्यालाच ब्लेझर, असा कॉलेजचा नियम होता. मी तिसऱ्या रांगेत बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. मग परीक्षा, मग नोकरी, मग रत्नागिरी. व्यायामशाळेच्या दाराशी लावलेल्या फलकाचे फोटो रुबिना अधूनमधून पाठवायची. दरवेळी एखादी ओळ वाढलेली.

पहिला गोल: रुबिना मुजावर
पहिला विजय: पुढच्याच वर्षी, ४–२
एका हंगामात दहा गोल: रुबिना मुजावर
सामन्यात एकही गोल न खाणारी पहिली गोलकीपर: नाव माझ्या ओळखीचं नाही
कांस्यपदक
संघाचा शंभरावा गोल

शेवटच्या फोटोखाली रुबिनानं लिहिलं होतं, "तुझं नाव घाला म्हणून तीनदा अर्ज केलो. कुठल्या मथळ्याखाली, असं विचारतात."

मी हसण्याचं चिन्ह पाठवलं. मला खरंच काही वाटलं नव्हतं. थोडंसं वाटलं असेल.

रिंक

बारा वर्षांनी एका लग्नासाठी कोल्हापुरात गेले होते. दुपारची पंगत उठल्यावर चार वाजता करायला काही नव्हतं, म्हणून रंकाळ्याकडे चालत निघाले. रिंकला आता जाळी आहे, बाकं आहेत. सिमेंटवर खडूनं जाड निळी रेघ मारलेली होती. आमच्या वेळी ती नव्हती.

वीसेक मुली होत्या. एकीनं रेघेपलीकडे पक मारला, दुसरी आधीच आत होती, आणि चौघी-पाचजणी एका सुरात ओरडल्या:

"टिपुगडे! टिपुगडे मार!"

मी बाकावरून अर्धी उठले. आपल्याला कुणी ओळखलं, असंच वाटलं. पण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आतली मुलगी पक सोडून वळली, गुडघ्यांवर पडली, हातांवर ओढत आली आणि मागचा पाय ओढून रेघेकडे नेला. बाहेर थांबलेली मुलगी तिच्या डोक्यावरून आत गेली.

खेळ थांबल्यावर ती पाणी प्यायला जाळीजवळ आली. कोपरं पांढरी झालेली. बोलण्यावरून लक्षात आलं, इकडची नाही.

"कुठली तू?"

"चंद्रपूरची. हॉस्टेलला असतो आम्ही."

"ते आता काय केलंस?"

"ते? टिपुगडे." मग मला कळलं नसेल असं वाटून तिनं समजावलं. "म्हणजे पकला हात न लावता परत रेघेला यायचं. मुजावर मॅडम पहिल्या दिवशी तेच शिकवतात. गोल मारता नाही आला तरी चालते, पण टिपुगडे आला नाही तर टीममध्ये घेत नाहीत."

"आणि हे नाव कुठलं?"

तिनं बाटलीचं झाकण लावता लावता विचार केला.

"रशियन असेल," ती म्हणाली. "ह्या खेळात रशियन लोक फार आहेत."

"असेल," मी म्हणाले. "पण तुझा बूट लागला नव्हता. चार बोटं कमी पडला."

तिनं रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या पैठणीकडे.

"इथून दिसलं तुम्हाला?"

"दिसलं. जा, परत कर."

ती गेली.